मामा तलाव बघायला जाताय? मग मे महिन्यात जा

नागपूरहून रायपूर हायवे धरायचा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. रेल्वेने येणाऱ्यांसाठी गोंदिया–बल्लारशाह मार्गावर अर्जुनी स्थानक आहे. बहुतेक मंडळी नवेगावबांधचा मोठा तलाव बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तो बघाच, पण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या छोट्या गावतलावांसाठी एक दिवस राखून ठेवा.

हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव. मालगुजार म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणारा गावचा जमीनदार. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले, धानाच्या पाण्यासाठी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायची, पार, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त करायची गावाची सवय मोडली. पुढे रोहू-कतला माशांचं बीज आलं, बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली, पाणवनस्पती गेल्या. मग देशी मासे अंडी घालणार कुठे?

काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायकांनी तलाव सुधारायचं काम हातात घेतलंय. उन्हाळ्यात पाणी हटलं की आधी बेशरम उपटायची, तीही मुळासकट. तुकडा ओल्यात पडला तरी पुन्हा फुटतो, म्हणून ढीग पारापलीकडे कोरड्यात. मग तलावाच्या पोटात चक्क नांगर फिरतो. पाऊस पडला की दुसऱ्या तलावातून आणलेली गाद, चिला, देवधान या पाणवनस्पती उथळ पाण्यात अंगठ्याने चिखलात दाबून लावतात. तलावाची शेतीच म्हणा ना! जेसीबीने कडा उभ्या खोदून केलेलं ‘खोलीकरण’ मला त्यामुळेच पटत नाही. तिरपा, उथळ काठच गेला तर वनस्पती रुजायच्या कुठे आणि पाणपक्षी चरायचे कुठे? वरच्या जंगलातून पाणी आणणारे ओहोळही बघा. त्यांवर बांध घालून शेत वाढवलं की खाली तलाव अर्धाच भरतो.

काम बघायचं तर मे-जून, पण सकाळी सहालाच पोचा. दहानंतर ऊन सोसवत नाही. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. आधी मत्स्य सहकारी संस्थेत विचारा, तलाव त्यांच्याकडे ठेक्याने असतो. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दाराच्या, दगडांवर चढू नका, शेवाळ असतं. मासे पहाटेच्या जाळ्यातलेच घ्या. मरळ महाग पडते, पण घासाघीस करू नका.