पेटाऱ्यातले साक्षीदार

रंगपंचमी, रात्री अकरा

दुपारी न्हाणीघरात कानामागचा जांभळा रंग घासघासून काढताना उपकोशा आठवली. संध्याकाळी सोमदेवाच्या कथासरित्सागराचा, म्हणजे त्या जुन्या संस्कृत कथासंग्रहाचा, पहिला भाग काढला आणि आत्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

गोष्ट पाटलीपुत्रातली, नंद राजाच्या काळातली. वररुची नावाच्या पंडितानं इंद्रोत्सवात उपकोशेला पाहिलं आणि त्याची झोप उडाली. तिकडे तिचीही तीच गत. मैत्रिणीनं मध्यस्थी केली, लग्न झालं. एवढं सगळं सोमदेव भराभर उरकतो. पुढे पाणिनीबरोबरच्या वादात वररुची जिंकत आलेला असताना शंकरानं आकाशातून हुंकार दिला आणि वररुचीचं व्याकरणच पृथ्वीवरून नाहीसं झालं. स्वारी खट्टू होऊन हिमालयात तपाला निघाली. जाताना घरखर्चाचे पैसे हिरण्यगुप्त नावाच्या वाण्याकडे ठेवले. साक्षीला कुणी नाही.

उपकोशा रोज गंगेवर स्नानाला जायची. एका संध्याकाळी परतताना तिघांनी एकामागून एक तिची वाट अडवली: राजपुत्राचा सचिव, राजपुरोहित आणि दंडाधिकारी. म्हणजे तक्रार जिथे नेऊन द्यायची तो माणूसही त्यांच्यातच. ओरडून उपयोग काय? तिनं तिघांनाही गोड बोलून वसंतोत्सवाच्या रात्रीचा एकेक प्रहर दिला. दुसऱ्या दिवशी पैसे मागवले, तर वाणी स्वतः हजर. आधी माझं ऐक, मग ठेव देतो म्हणाला. त्याला चौथा प्रहर.

तयारी वाचण्यासारखी आहे. तेलात कालवलेलं भरपूर काजळ, त्यात कस्तुरी वगैरे सुगंध, त्याच काजळात बुडवलेल्या चार चिंध्या, आणि बाहेरून कडी असलेला मोठा पेटारा. सुगंधाचं मला फार कौतुक वाटतं. अंधारात काजळ दिसत नाही, पण वास येतो, तेव्हा गड्याला वाटणार की उंची उटणं लावताहेत!

पहिल्या प्रहरी सचिव आला. आंघोळ केल्याशिवाय मी तुम्हाला शिवायची नाही, असं उपकोशेनं बजावलं. दासींनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं, कपडे उतरवले, चिंधी नेसवली आणि डोक्यापासून पायापर्यंत चोळत बसल्या, दुसऱ्या प्रहरी पुरोहित येईपर्यंत. मग एकच धांदल: अगं बाई, धन्याचा मित्र आला, लपा, लपा! सचिव पेटाऱ्यात. पुरोहिताचं तेच, दंडाधिकाऱ्याचं तेच. आत तिघांची अंगं एकमेकांना लागत होती, पण भीतीनं कुणी हूं की चूं करेना. इथे आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

वाण्यासाठी मात्र दिवा लावला होता. पेटाऱ्याजवळ नेऊन उपकोशेनं त्याच्याकडे ठेव मागितली. घरात कुणी नाही असं पाहून तो म्हणाला, नवऱ्यानं ठेवलेले पैसे देईन, सांगितलंय ना. त्यावर ती पेटाऱ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, देवांनो, ऐकलंत ना याचं बोलणं? मग दिवा विझला आणि वाण्याचं अभ्यंग सुरू झालं. पहाटे दासींनी त्याला गचांडी धरून बाहेर काढलं. चिंधी नेसलेला तो काळा माणूस कुत्र्यांचे चावे खात घरी पोचला.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की उपकोशा तिघांची फजिती करून थांबत नाही. तिला पैसे हवेत. साक्षीदार नव्हते, ते तिनं एका रात्रीत तयार केले, आणि तेही दरबारातले! नंदापुढे वाणी साफ नाकबूल झाला, तेव्हा तिनं पेटारा मागवला. यात आमचे गृहदेव आहेत म्हणाली. देवांनो, खरं सांगा, नाहीतर जाळीन किंवा इथेच पेटारा उघडीन. आतून तत्काळ ग्वाही आली. वाण्यानं पैसे दिले. राजाला राहवेना, त्यानं पेटारा उघडवला, आणि अंधाराचे तीन गोळे बाहेर आले. त्यांची मालमत्ता जप्त झाली, त्यांना देशोधडीला लावलं, आणि उपकोशेला राजानं बहीण मानून धन दिलं.

"आणि नवरा कुठे होता गं?" आत्यानं विचारलं.

हिमालयात. पण गोष्ट तोच सांगतोय, विंध्यातल्या काणभूती नावाच्या पिशाचाला. (हाच काणभूती पुढे बृहत्कथा, म्हणजे कथासरित्सागराचा मूळ ग्रंथ, सांगतो आपल्या पैठणच्या गुणाढ्य कवीला.) बायकोनं परपुरुषांना रात्री घरी बोलावलं, हे ऐकून वररुचीच्या मनात संशयाचा कणही येत नाही. उलट अभिमानानं सांगतो.

संशय येतो तो राजाला, पुढच्या तरंगात, म्हणजे प्रकरणात. तोवर नंद मेलेला असतो आणि वररुचीचा सहाध्यायी इंद्रदत्त त्याच्या शरीरात शिरून राज्य करत असतो. राणीच्या चित्रात वररुची अनुमानानं एक तीळ काढतो, आणि हा जनानखान्यात जाऊन आला असणार असं ठरवून राजा त्याला मारायचा हुकूम देतो. मंत्री शकटाल त्याला लपवतो, पण तो मारला गेल्याची बातमी घरी पोचते आणि उपकोशा अग्नीत उडी घेते. चौघांना पुरून उरलेली बाई एका तिळापायी गेली. सोमदेवानं हे दोन ओळींत उरकावं, याचा मला दर वेळी राग येतो.

हा भाग आत्याला वाचून दाखवला नाही. तिला वेगळीच काळजी लागली होती: रात्रभर चार दांडग्यांना चोळलं, त्या दासींना राजानं काय दिलं? पानं उलटून पाहिली. काही नाही. "दंडाधिकाऱ्याचं घर जप्त केलंच होतं ना," आत्या म्हणाली, "तेच द्यायचं त्यांना."