कॅपिटलनं केला घोळ

टिळकवाडीत सकाळपासून पावसाची झड, त्यात लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून झेड-व्हीएमशी, म्हणजे एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सिस्टिमशी, झटापट चालू होती. मेनफ्रेम तिकडे लांब कुठंतरी, घाम मात्र मला इकडे.

एका लिनक्स गेस्टमधून (त्यातल्या एका आभासी मशीनमधून) दुसऱ्याला एसएमएसजी या कमांडनं निरोप पाठवायचा, 'एपीपी' हा शब्द आधी लावून. तिकडे कर्नलचं मॉड्यूल तो पकडतं, यूडेव्हचा (लिनक्समधल्या घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचा) नियम बॅकअपची स्क्रिप्ट चालवतो. निरोप जायचा, एरर काहीच नाही, बॅकअपही नाही! पाठवणाऱ्याच्या बाजूनं सगळं गोडच दिसतं, हेच वैतागाचं.

आधी मॉड्यूल बघितलं. लोड होतं. मग यूडेव्हच्या नियमावर संशय घेतला, बिचारा निर्दोष. शेवटी पलीकडे येणाऱ्या घटना दाखवणारा यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर प्रॉपर्टीसकट लावून ठेवला आणि निरोप परत सोडला. एसएमएसजी-टेक्स्टमध्ये, म्हणजे निरोपाच्या मजकुरात, 'बॅकअप' सगळा कॅपिटल अक्षरांत! स्क्रिप्ट वाट बघत होती स्मॉलची. व्हीएमसीपी, म्हणजे लिनक्समधून झेड-व्हीएमला कमांड देणारं साधन, वेगळं सांगितल्याशिवाय सगळं कॅपिटल करून पाठवतं. अक्षरं आहेत तशी ठेवणारा कीपकेसचा पर्याय लावला, कमांड नीट कॅपिटलमध्ये, 'बॅकअप' तेवढं स्मॉलमध्ये टाइप केलं, बॅकअप सुरू.

तीन तास गेले. मधे आईनं दोनदा हाक मारली, "जेवून घे की रे!" तो निरोप मात्र पहिल्याच वेळी पोचला होता, मीच उत्तर दिलं नव्हतं. आमटी गार झालेली.