मराठी एककांची फाइल: ॲम्पिअर अखेर ओळखला गेला

मंडळी, निपाणीच्या आपल्या काकांनी फोनवर टाइप करून पाठवलेली ओळ काल रात्री माझ्या लॅपटॉपवर जशीच्या तशी चालली. १५० ॲम्पिअर तास, १२ व्होल्ट, वस्तुमान किती? उत्तर ७२.१ नॅनोग्रॅम (ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की तिचं वस्तुमान मिळतं). म्हणजे घरातली इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की उतरलेल्या बॅटरीपेक्षा एवढ्याने जड. आकडा नवा नाही, मागच्या वेळी इंग्रजी नावं वापरून तो काढलाच होता. नवं हे की या वेळी सगळी नावं देवनागरीत होती, कीबोर्ड दुसऱ्याचा होता, आणि तरी ग्नू युनिट्स या एककं बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने कुरकुर केली नाही. यासाठी बराच जीव काढावा लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी फाइल, म्हणजे या सॉफ्टवेअरला मराठी एककं शिकवणारी आपली यादी, कुठपर्यंत आलीय ते थोडक्यात. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. सराफांकडे हल्ली १० ग्रॅमचा तोळा सर्रास चालतो, पण फाइलमध्ये जुनाच ठेवलाय आणि तो तसाच राहील. १२ मासे म्हणजे एक तोळा, ८ गुंजा म्हणजे एक मासा. युनिट म्हणजे हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या बिलावरचं युनिट, एक किलोवॅट तास. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. आपल्या भागात धरणाच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

मागच्या वेळी एका गोष्टीवर मतभेद झाले होते. युनिट दिलं आणि गुंज मागितली की सॉफ्टवेअर कन्फॉर्मेबिलिटी एरर देतं. ते देणारच. ऊर्जेची मिती वेगळी, वस्तुमानाची वेगळी, मधला प्रकाशवेगाचा वर्ग आपणच घालायचा. खानापूरच्या सरांनी सुचवलं होतं की नॅचरल पद्धतीने सॉफ्टवेअर सुरू करावं. तिथे प्रकाशाचा वेग १ धरलेला असतो, त्यामुळे किलोवॅट तास सरळ ग्रॅममध्ये उतरतो. मी ते करून पाहिलं. उतरतो, पण त्याच पद्धतीत मीटर आणि सेकंदही एकमेकांत उतरतात, तापमानाचाही ग्रॅम होतो. पुढे दाखवतो तसा एखादा व्होल्ट राहून गेला तर आपल्याला अडवणारा हा एररच हवा आहे, म्हणून मी तो घालवणार नाही. ज्या वेबसाइटवर ऊर्जेच्या डब्यात आकडा टाकला की शेजारच्या डब्यात किलोग्रॅम येतात, त्या मला याच कारणाने आवडत नाहीत. कशाने भागलं ते दिसतच नाही, आणि दशांशही हात आखडून दिलेले असतात. ॲलन एलियासन यांचं फ्रिंक हे याच कामाचं सॉफ्टवेअर मात्र या बाबतीत उत्तम आहे. ज्यांना जावा चालतं त्यांनी ते जरूर वापरावं.

शेवटी वस्तुमान नावाचं फंक्शन फाइलमध्ये बसवलं. कंसात ऊर्जा द्यायची, ते प्रकाशवेगाच्या वर्गाने भागतं. उलटा प्रवासही त्याच व्याख्येत लिहिलाय. एक बारकावा सांगतो, कारण तो मॅन्युअलमध्ये सहज नजरेतून सुटतो. गुंज देऊन नुसतं वस्तुमान मागितलं तर उत्तर किलोग्रॅम, मीटर वर्ग, सेकंद वर्ग अशा मूळ एककांत येतं आणि त्यावरून काही बोध होत नाही. त्याऐवजी फंक्शनच्या नावाआधी टिल्ड (~) लावायचा, कंसात एक गुंज द्यायची आणि समोर युनिट मागायचं. मग येतं ३०,३३,२४८. एका गुंजेत तीस लाख तेहतीस हजार युनिटं! आणि एका युनिटाचं वजन ४० नॅनोग्रॅम. हा आकडा मी आता प्रत्येक वीजबिलाच्या मागे लिहितो.

आता मुख्य दुखणं.

ॲम्पिअरची व्याख्या फाइलमध्ये होती. माझ्या कीबोर्डवरून विचारलं की बरोबर उत्तर. काकांनी पाठवलेली ओळ चिकटवली की अननोन युनिट. त्यांचा निरोप असा: “अरे, तुझं ते माझ्याकडनं चालंना झालंय बघ. सारखं अननोन म्हणतंय.” पहिल्यांदा त्यांच्या ओळीत व्होल्ट नव्हता. नुसते ॲम्पिअर तास म्हणजे विद्युतभार, ऊर्जा नव्हे, त्यामुळे ती ओळ तशीही अडलीच असती. पण तो एरर वेगळा. मिती जुळत नसेल तर कन्फॉर्मेबिलिटी, नावच सापडत नसेल तर अननोन. इथे अननोन येत होतं, म्हणजे गाडी व्होल्टपर्यंत पोचतच नव्हती. शिवाय ॲम्पिअर आणि तास यांच्यामध्ये त्यांनी आडवी रेघ दिली होती. सॉफ्टवेअर तिला वजाबाकी समजतं, ॲम्पिअरमधून तास वजा करायला जातं आणि तिथेही अडतं. रेघ काढली, मोकळी जागा दिली, व्होल्ट घातला. तरी अननोन.

मग संशय लोकॅलवर, म्हणजे लॅपटॉपच्या भाषेच्या सेटिंगवर. देवनागरी व्याख्या आपण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) च्या खुणांमध्ये ठेवल्यात, आणि टर्मिनल यूटीएफ-८ चं नसेल तर तेवढा भाग सॉफ्टवेअर वाचतच नाही. पण तसं असतं तर तोळा आणि गुंजही गायब झाली असती. त्या ठणठणीत होत्या. ग्रेपने फाइलमध्ये शोधलं. माझ्या हाताने टाइप केलेला ॲम्पिअर सापडला, काकांचा चिकटवलेला सापडला नाही. स्क्रीनवर दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले, अक्षराचाही फरक नाही. टर्मिनलमध्ये देवनागरी नीट दिसणं हाच मुळात मोठा प्रश्न आहे, काने-वेलांट्या भलतीकडेच जाऊन बसतात. मला कॉन्सोल नावाचं टर्मिनल त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण तिथेही दोन्ही शब्द सारखेच.

शेवटी दोन्ही शब्द हेक्सडंपमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या कमांडमध्ये, टाकले, आणि पहिल्याच अक्षराशी गाठ सापडली. माझा ॲ तीन बाइटचा: ई-शून्य, ए-पाच, बी-दोन. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, या अक्षराला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक आहे. तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. काकांचा ॲ नऊ बाइटचा: आधी अ, मग डोळ्यांना न दिसणारा, अक्षरं जोडणारा झीरो विड्थ जॉइनर, मग चंद्राची खूण. क्रमांक मिळण्याआधी हे अक्षर असंच जोडून लिहायची पद्धत होती, आणि कित्येक कीबोर्ड आजही तसंच लिहितात. खानापूरच्या सरांकडून मुद्दाम ओळ मागवली तर तिसराच प्रकार निघाला: अ आणि चंद्र, मध्ये जॉइनर नाही, सहा बाइट. वाचणाऱ्याला तिन्ही एकच, सॉफ्टवेअरला तीन वेगळी नावं.

यावर कुणीही नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एका रूपात आणणं, सुचवेल. मलाही आधी तेच सुचलं, आणि ते इथे उपयोगाचं नाही. ऱ या अक्षराचं र आणि नुक्ता असं विघटन युनिकोडने ठरवून दिलंय, त्यामुळे ऱ चे दोन्ही प्रकार नॉर्मलायझेशनने एक होतात. ॲ ला तसं विघटनच दिलेलं नाही. ते स्वतंत्र अक्षर, आणि अ अधिक चंद्र ही निराळी जोडी. कितीही नॉर्मलाइझ करा, दोन्ही आपापल्या जागी कायम.

मग सरळ उपाय: ॲम्पिअरच्या तीन व्याख्या, तिन्ही प्रकारांनी. चाललं, आणि मी खूश होऊन झोपायलाही गेलो. पण ॲटमॉस्फिअर आहे, ॲटो हा उपसर्गही त्याच अक्षराने सुरू होतो, आणि फाइल वाढतच जाणार. त्यात काकांच्या दुसऱ्या एका ओळीत क्विंटल अडला. तिथे अर्ध्या क नंतर तोच न दिसणारा जॉइनर लपला होता. साखरेचा हिशोब करायचा म्हटलं तर क्विंटलशिवाय आपल्या जिल्ह्यात पान हलत नाही! तेव्हा व्याख्या वाढवायचा नाद सोडला आणि प्रश्न सॉफ्टवेअरला देण्याआधीच तो गाळून घ्यायचा ठरवलं.

आता सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडची एक छोटी स्क्रिप्ट मध्ये बसते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ॲ चे दोन्ही जोडप्रकार ०९७२ वर आणायचे. मग र, हलंत आणि जॉइनर असा लिहिलेला अर्धा र ऱ च्या रूपात बदलायचा. उरलेले जॉइनर त्यानंतर उडवायचे. जॉइनर आधीच उडवले तर ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. आज फाइलमध्ये असं एकही एकक नाही, पण उद्या कुणीतरी घालणारच. याच स्क्रिप्टमध्ये ० ते ९ हे आपले आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घेतले, कारण सॉफ्टवेअर १५० हा आकडासुद्धा एखाद्या एककाचं नाव समजून शोधत बसतं. त्यामुळे आता संपूर्ण ओळ, आकड्यांसकट, देवनागरीत लिहिता येते. मूळ फाइलमधल्या जास्तीच्या व्याख्या काढून टाकल्या. प्रत्येक एकक पुन्हा एकदाच आहे, आणि फाइल बघायला बरं वाटतं.

७२ नॅनोग्रॅम मोजता येतील का, असं काकांनी विचारलंय. नाही. हा एका गुंजेचा साधारण १७ लाखावा भाग आहे. सराफाचा चांगला काटा मिलिग्रॅम दाखवतो, आणि हा आकडा त्याच्याही सुमारे १४ हजारपट खाली. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी जो वायू उडून जातो, त्याचं वजन यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे प्रत्यक्षात बॅटरी हलकीच झालेली दिसेल. हा हिशोब बंद डब्याचा आहे हे लक्षात ठेवायचं.

गाळणी तयार झाल्यावर पहिला मोठा प्रश्न विचारला तो गोकाकचा. धबधबा ५२ मीटरचा. तिथून एक टीएमसी पाणी कोसळलं तर किती ऊर्जा, आणि तिचं वस्तुमान किती? इथे एक सुखद गोष्ट हाती लागली. ग्नू युनिट्समध्ये पाणी या अर्थाचं जे एकक आधीपासून आहे, त्यात गुरुत्वाकर्षण धरलेलंच असतं, कारण ते पाण्याच्या स्तंभाचा दाब काढण्यासाठी ठेवलेलं आहे. त्यामुळे टीएमसी, ५२ मीटर आणि पाणी एवढाच गुणाकार पुरतो, वेगळा गुरुत्व त्वरण घालायला नको. उत्तर १.३२ गुंजा. घटप्रभेचं एक टीएमसी पाणी गोकाकला खाली येतं तेव्हा सव्वा गुंजेहून थोडीशी जास्त एवढ्या वजनाची ऊर्जा मोकळी होते. घटप्रभेवरचं हिडकलचं धरण सुमारे ५१ टीएमसीचं. ते सगळंच्या सगळं त्या कड्यावरून सोडलं असं धरून तोळा, मासा, गुंज अशी यादी मागितली, तर उत्तर आलं ८ मासे आणि ३.४४ गुंजा. तोळाभरही नाही! हे उत्तर मी मोठ्याने वाचलं. इंग्रजीत ८.१९ ग्रॅम वाचताना असं काही होत नाही.

खानापूरच्या सरांची शंका येणारच, म्हणून आधीच लिहितो: हे वस्तुमान एकट्या पाण्याच्या खाती मांडता येत नाही. उंचीची ऊर्जा पाणी आणि पृथ्वी यांची मिळून असते. आणि पडल्यावरही ती लगेच नाहीशी होत नाही, खालच्या डोहात उष्णता होऊन राहते. पाणी जेमतेम ०.१२ अंशाने तापतं. ती उष्णता बाहेर निघून गेली की मगच वजन खरं कमी झालं म्हणायचं.

शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या कैगा अणुवीज केंद्राचाही हिशोब केला. तिथला पहिला २२० मेगावॅटचा संच १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालला होता. पूर्ण क्षमता धरली तर तेवढ्या विजेचं वस्तुमान २०३ ग्रॅम, जवळपास साडेसतरा तोळे. अणुभट्टीतली उष्णता धरली तर याच्या तिपटीहून जास्त. ५१ टीएमसीला आठ मासे आणि एका संचाला साडेसतरा तोळे, हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो.

पुढे साखरेच्या क्विंटलचं करायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच बंब आठवला आणि बेत बदलला. बंबातलं २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर ते ३७ नॅनोग्रॅमने जड होतं, म्हणजे जवळजवळ एका युनिटाएवढं. यात तापमानाचा फरक आणि प्रत्यक्ष तापमान यांची वेगळी नावं लागतात. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, मराठी फाइलमध्ये अजून नाही. ‘अंश’ हे नाव फरकाला द्यायचं की थर्मामीटरवरच्या आकड्याला, हे एकदा आपण मिळून ठरवू. माझं मत फरकाला द्यावं, कारण ऊर्जेच्या हिशोबात तोच लागतो. साखर त्यानंतर.

तोवर एक काम करा. ॲम्पिअर, ॲटमॉस्फिअर, क्विंटल आणि किलोवॅट हे चार शब्द प्रत्येकाने आपापल्या फोनवरून, सजेशन न निवडता टाइप करून मला पाठवा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांनी तर नक्कीच पाठवा, त्यांचा नमुना अजून एकही आलेला नाही. चित्र नको, मजकूरच हवा, नाहीतर बाइट मोजता येणार नाहीत.