युगांडातल्या महिला खासदार मोजताना

कंपालात पीएचडीचं फील्डवर्क करायचं ठरवलंत, तर पहिला आकडाच चकवतो. १९९६ साली युगांडाच्या संसदेत महिलांसाठी राखीव जिल्हा जागा ३९ होत्या. २०२१ मध्ये ५२९ पैकी १४६. सहभाग वाढला म्हणावं, तर मधल्या काळात जिल्ह्यांचेच तुकडे पडत गेलेत. राखीव जागा जिल्ह्यामागे एक, त्यामुळे नवा जिल्हा झाला की नवी महिला खासदार आलीच! म्हणून तक्त्यात ‘जागेचा प्रकार’ हा रकाना पहिल्याच दिवशी घाला. नंतर घालायचा म्हणजे सगळ्या याद्या पुन्हा उपसणं आलं.

दुसरी गफलत मतदानाची. या जागांवर आधी स्थानिक पातळीवरचं निर्वाचक मंडळ मत देई, २००६ पासून सगळे मतदार देतात. २००१ आणि २०११ चे निकाल शेजारी ठेवून तुलना केली की परीक्षक नेमकं इथेच धरतात.

आपल्याकडचं सरपंचपदाचं फिरतं आरक्षण इथं विसरा. ही जागा कायम महिलांचीच, आणि मतदारसंघ अख्खा जिल्हा. खुल्या जागेवर उभ्या राहणाऱ्या बाईला ‘तुमची जागा तिकडे आहे ना’ हे ऐकावं लागतं. विनी ब्यानयिमा मात्र म्बरारा शहरातून खुल्या जागेवर निवडून आल्या होत्या.

परवानगीचं काम लवकर काढा. आपल्या विद्यापीठाची नैतिक मान्यता पुरत नाही. आधी तिथल्या मान्यताप्राप्त नैतिकता समितीची, मग राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची. ते पत्र घेऊन प्रत्येक जिल्ह्यात आरडीसीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात हजेरी. संमतीपत्राचं भाषांतर लागतं, आणि लुगांडा भाषेतलं पत्र उत्तरेकडच्या गुलूत चालत नाही, तिथं अचोली भाषा. खासदार शनिवार-रविवारी गावाकडे, लग्नं-अंत्यविधींत असतात. मुलाखत मागायची ती अधिवेशनाच्या आठवड्यात.

आणि छापील कायद्यावर विसंबू नका. १९९८ च्या भूमी कायद्यात पती-पत्नीच्या सहमालकीचं कलम खासदार मिरिया मातेंबे यांनी लावून धरलं. सभागृहात ते मंजूर झालं, पण कायदा छापून आला तेव्हा त्यात नव्हतंच. महिला संघटना अजून त्याला ‘हरवलेलं कलम’ म्हणतात. सभागृहात काय झालं ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या शब्दशः कार्यवाहीतच शोधावं लागतं. २००४ च्या दुरुस्तीत बायकांना घरच्या जमिनीवर राहण्या-कसण्याची हमी मिळाली, मालकी नाही.