चतुर्थीआधीचा रविवार

आज आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या रविवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ताडपत्री बांधता बांधता आम्ही सगळे चिंब. फागलां (कर्टोली) तर तासाभरात संपली. उशिरा आलेल्यांनी बोल लावले मला, जणू मीच ती पिकवतो!

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची सोलां (आमसुलं), खोल्याची मिरची, मानकुराद आंबे. थंडीत आळसाणे (चवळीसारखं कडधान्य), ताळगावची वांगी. ते सगळं खरं, पण माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या छताच्या, सामानाची मजा वेगळीच. रानातून आणलेली कवंडळं, कांगलां अशी रानफळं, सुपारीचे घोस एका मावशीने गोणपाटावर मांडले होते. कोणी घासाघीस केली की म्हणायची, "बाये, डोंगर चढून बघ एकदा." समोरची गप्प! शहाळ्यांना मात्र आज कुत्रं विचारत नव्हतं, पावसात कोण पिणार.

पुढच्या रविवारी सुट्टी, सगळे मोदकांत.