नाव पेन्सिलीने

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. मैदान, स्नेहसंमेलन आणि सहली यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्याहून सरस लिहितील याची खात्री असल्यामुळे मी प्रयोगशाळेतील कपाटाच्या वरच्या खणातल्या एका लाकडी पेटीविषयी लिहायचे ठरवले. त्या पेटीत अंबाल्याला तयार झालेला, खाली गोल आरसा असलेला साधा सूक्ष्मदर्शक होता. सत्तरच्या दशकात कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दाखवण्यापुरता तो वर्षातून एकदा बाहेर निघे आणि सारा वर्ग रांगेने एकेक डोळा लावून पुढे सरकला, की पुन्हा पेटीत जाई. विज्ञानाचे नवे सर आल्यावर हा क्रम बदलला. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की ज्यांना थांबायचे असेल त्यांनी थांबावे, असे ते सांगत, आणि आम्ही काही मुले साताऱ्याच्या मंगळवार तळ्याचे किंवा मोती तळ्याचे पाणी बाटलीत भरून घेऊन येत असू.

पाणी कोठून घ्यायचे, हेच मुळात शिकावे लागले. तळ्याच्या मधोमध बाटली बुडवून आणलेल्या स्वच्छ पाण्याच्या थेंबात बहुधा काहीच सापडत नाही. पायरीच्या दगडावरचा हिरवा बुळबुळीत थर चमच्याने खरवडला, पाण्यातली वनस्पती मुठीत धरून बशीवर पिळली किंवा तळाशी कुजत पडलेल्या पानाची मागची बाजू ब्रशने धुऊन घेतली, तर एका थेंबात तासभर पुरेल एवढे प्राणिजीवन मिळते. उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या जिवांसाठी सरांनी बारीक विणीच्या कापडाची नरसाळ्याच्या आकाराची जाळी शिवून घेतली होती. तिच्या टोकाला इंजेक्शनची रिकामी कुपी बांधलेली असे. स्लाइडवर, म्हणजे काचपट्टीवर, थेंब ठेवल्यावर त्यात कापसाचे दोन-चार तंतू विस्कटून टाकायचे आणि मग कव्हर स्लिप ही पातळ काच हलकेच टेकवायची. तंतूंच्या कुंपणामुळे चपळ प्राण्यांना पळायला फारशी जागा उरत नाही आणि कव्हर स्लिपच्या भाराने ते चिरडतही नाहीत.

दुसरा धडा मोजमापाचा होता. काचपट्टीऐवजी पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास आधी मोजून ठेवायचा. दहापटीच्या वस्तुभिंगाखाली तो पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरे आणि चाळीसपटीच्या वस्तुभिंगाखाली त्याचा चौथा हिस्सा. मग समोरचा प्राणी वर्तुळाचा कितवा भाग व्यापतो, हे पाहून त्याची लांबी अंदाजाने सांगता येई. हे अंकगणित आम्हाला कंटाळवाणे वाटे, परंतु त्याशिवाय ओळख पटवण्याचे काम पहिल्या पायरीवरच अडते, कारण या जगात आकारावरून दर्जा ठरत नाही. पॅरामिशियम ही एकच पेशी पाव मिलिमीटर लांब असू शकते, आणि तिच्या शेजारून जाणारा, जबडा, जठर, मेंदू आणि अंडाशय बाळगणारा, सुमारे हजार पेशींचा रोटिफर हा सूक्ष्म प्राणी तिच्याहून लहान असू शकतो.

वहीच्या डाव्या पानावर चित्र आणि उजव्या पानावर नोंद, ही सरांची पद्धत होती. नोंदीत जागा, तारीख, पाण्याचा रंग, लांबी, चाल आणि दिसलेले अवयव एवढे शाईने लिहायचे. नाव सर्वांत शेवटी आणि तेही पेन्सिलीने. एखादा मुलगा भिंगात डोकावताच नाव उच्चारू लागला, की सर म्हणत, “आधी तो काय करतो आहे ते सांगा, त्याचे बारसे नंतर करू.” त्या वयात ही अट उगीचच जाचक वाटे, कारण नाव सांगता आले म्हणजे प्राणी कळला, अशीच आमची सर्वांची समजूत होती.

या अटीचे मोल मला रोटिफर पाहताना उमगू लागले. थेंबातला एखादा लांबट जीव पुढचे आणि मागचे टोक आळीपाळीने टेकवत सरकताना दिसला, की तो कृमी असावा असे वाटते. पण तो थांबला, पायाच्या बोटांतून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने तंतूला धरून राहिला आणि त्याने डोके उलगडले, की दोन गोल कड्यांवरचे केस ओळीने वाकू लागतात आणि दोन चाके गरगर फिरत असल्याचा भास होतो. त्यातले काहीही फिरत नसते. केसांच्या लाटेमुळे पाण्यात भोवरा तयार होतो आणि शैवालाचे कण तोंडाकडे ओढले जातात. पारदर्शक शरीरातून नजर थोडी खाली नेली, तर अडकित्त्याप्रमाणे उघडमीट करणारे कठीण जबडे दिसतात, आणि हीच रोटिफरची पक्की खूण आहे. केस तर एकपेशीय जिवांनाही असतात. दुभंगलेली शेपटी गॅस्ट्रोट्रिक या तशाच चिमुकल्या प्राण्यालाही असते. मात्र पोटात असे चालते जबडे त्यांपैकी कोणाकडेही नसतात. सूत्रकृमीची ओळख तर निव्वळ चालीवरूनच पटते. त्याच्या शरीरात फक्त उभे स्नायू असल्यामुळे तो लांब-आखूड होऊ शकत नाही आणि इंग्रजी एस अक्षराच्या वळणात एकसारखा तडफडत राहतो. पाण्यातले छोटे वलयी कृमी मात्र आखडतात आणि ताणले जातात. मृत नमुन्यात यांतले जवळजवळ काहीच दिसत नाही.

पुढच्या पायरीवर, म्हणजे प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) ठरवताना, खरी कसोटी लागते. आपल्याकडच्या तळ्यांत उन्हाळ्यात विपुल आढळणारा ब्रॅकिओनस हा रोटिफर घ्या. त्याच्या अंगावर पारदर्शक कवच असते, कवचाच्या पुढच्या कडेला काटे असतात, आणि ते दोन, चार की सहा, त्यांची लांबी किती, मागच्या बाजूला काटे आहेत की नाहीत, यावर त्याची ओळख अवलंबून असते. यांपैकी ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या जातीचे वर्णन पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ साली केले. त्या जातीच्या काही नमुन्यांना मागे लांब काटे दिसतात आणि काहींना दिसत नाहीत, म्हणून जुन्या अभ्यासकांनी त्यांना निरनिराळी नावे दिली होती. विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडा झाला, की त्याच पाण्यात अ‍ॅस्प्लांक्ना नावाचा पिशवीसारखा मोठा, शिकारी रोटिफर असला, तर त्याच्या शरीरातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्याच्या प्रभावामुळे ब्रॅकिओनसच्या पिल्लांना लांब काटे फुटतात. आईला ते नसतात, मुलींना असतात. काटेरी पिल्लू शिकाऱ्याला सहज गिळता येत नाही. म्हणजे ज्या काट्यांवरून आपण जात ठरवायला निघालो, ते काटे जातीबद्दल बोलत नसून शेजाऱ्याबद्दल बोलत असतात, आणि हे ध्यानात यायचे असेल, तर थेंबात आणखी कोण होते याची नोंद वहीत असावी लागते.

हे प्रकरण तेथेही संपले नाही. २०१८ साली अभ्यासकांनी डीएनए आणि शरीररचना यांची सांगड घालून दाखवले, की कॅलिसिफ्लोरस या एका नावाखाली आपण चार जाती एकत्र बांधत होतो. माझ्या जुन्या वह्यांत पेन्सिलीने लिहिलेल्या त्या नावापुढे मी आता ‘समूह’ एवढाच शब्द जोडला आहे. हौशी माणसाच्या साधनांनी त्यापुढे जाता येत नाही, आणि जेथवर पुरावा नेतो तेथे थांबून प्रजातीचे नाव लिहिणे, हे काम अपुरे सोडणे आहे असे मला मुळीच वाटत नाही.

सायक्लॉप्स या प्राण्याविषयी मात्र सर नेहमीपेक्षा अधिक बोलत, आणि त्याला कारणही होते. तांदळाच्या दाण्याहून बराच लहान, झटके देत पोहणारा, कपाळावर एकच लालसर डोळा असलेला आणि मादी असल्यास शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी वागवणारा हा कवचधारी प्राणी ओळखायला सोपा आहे. त्या काळी महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागांत नारू हा आजार माहीत नसलेले घर विरळा. पायातून फोडावाटे बाहेर येणारा, कधीकधी हातभराहून लांब भरणारा तो कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढीत. त्याची अळी वाढते ती सायक्लॉप्सच्या शरीरात, हे रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तान प्रांतात दाखवून दिले होते. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत माणूस पाणी भरायला उतरतो, फोडाची आग शमवण्यासाठी पाय पाण्यात बुडवतो, त्या क्षणी कृमीची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते, सायक्लॉप्स त्या खातो, आणि तेच पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवा नारू तयार होतो. सर दुहेरी घडीच्या धोतराच्या तुकड्यातून तळ्याचे पाणी गाळून दाखवत, वरचा गाळ एका स्लाइडवर आणि खालचे पाणी दुसऱ्या स्लाइडवर घेत, आणि खालच्या थेंबात सायक्लॉप्स शोधून दाखवा, असे आव्हान आम्हाला देत. तो कोणालाच सापडत नसे. वस्त्रगाळ पाणी प्यावे, हे आजीचे सांगणे आम्ही सर्वांनी ऐकलेले होते, पण ते का पाळायचे हे त्या दोन थेंबांनी जसे पटले, तसे आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकाने पटले नसते.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांवर रहाट किंवा पंप बसवणे, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारणे आणि घरोघर गाळणीचे कापड वाटणे, हे त्याचे मुख्य उपाय होते. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. लस नसताना आणि रामबाण औषध नसताना एक रोग देशातून हद्दपार झाला, तो एका सूक्ष्म प्राण्याचे जीवनचक्र कोणीतरी चिकाटीने पाहून ठेवले होते म्हणून. हे श्रेय पाठ्यपुस्तकांत पुरेसे दिले जात नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

मी पुढे बँकेत नोकरीला लागलो आणि दर बदलीबरोबर नवे पाणी मिळत गेले. भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांच्या काठची वनस्पती पिळली, की रोटिफरांची जी विविधता दिसे, तिच्यापुढे शहरी हौदातले पाणी फिके वाटे. तळकोकणात भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यात दोन शिंपल्यांत मिटून बसणारे ऑस्ट्रॅकॉड भेटले. पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या मॉसचा पुंजका रात्रभर पाण्यात भिजवून पिळला, तर आठ पायांचा, डुलत चालणारा टार्डिग्रेड मिळतो, हे वाचून ठेवले होते. तो प्रत्यक्ष दिसायला मात्र पुष्कळ धीर धरावा लागला.

सातारकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आम्हाला शाळेत कोणी सांगितली नव्हती, म्हणून येथे नोंदवतो. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांचे नाव आज पुण्यातील संशोधन संस्थेला आहे, ते पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धी पावले. परंतु तरुणपणी, १९११ च्या सुमारास, त्यांना सह्याद्रीतल्या कृष्णेच्या खोऱ्यात, याच जिल्ह्यातल्या नद्यांत, गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्या प्रजातीचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेत माहीत होते. कलकत्त्याचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याचे नाव लिम्नोक्निडा इंडिका असे ठेवले. पठारांवरच्या खडकांतल्या पावसाळी डबक्यांत पाठ खाली करून पोहणाऱ्या फेअरी श्रिम्पच्या एका जातीलाही सह्याद्रीचे नाव मिळाले आहे, स्ट्रेप्टोसेफालस सह्याद्रिएन्सिस. अशी डबकी उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी असतात आणि या प्राण्यांची अंडी त्या धुळीतच पुढच्या पावसाची वाट पाहत टिकून राहतात, हे कळल्यापासून पठारावर गाडी नेणाऱ्यांचा मला फार राग येतो.

आता मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेला टेकवून सुंदर छायाचित्रे काढता येतात, आणि संशोधक मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक खिशात मावतो. ही साधने आमच्या काळी असती, तर आम्ही हरखून गेलो असतो. मात्र छायाचित्र पाठवून “हे काय आहे?” असे विचारणाऱ्या मुलांना मी उलट विचारतो, की ते कसे हालत होते, त्याची लांबी किती होती, पाणी कोठले होते. बहुतेकांकडे उत्तर नसते, कारण स्थिर चित्र मिळताच डोळा भिंगावरून उठलेला असतो. दहा सेकंदांचे चलच्चित्र आणि शेजारी मोजपट्टीचे एक चित्र एवढे जरी असले, तरी निम्मे प्रश्न सुटतात.

शाळेच्या व्यवस्थापनाला एक सूचना करावीशी वाटते. मंगळवार तळ्याच्या एका ठरावीक पायरीवरून दर महिन्याला एक नमुना घ्यावा, नववीच्या मुलांनी तो पाहावा आणि नोंदवही प्रयोगशाळेतच ठेवावी, म्हणजे पुढच्या तुकडीला आधीच्या तुकडीच्या नोंदी ताडून पाहता येतील. यासाठी नवे उपकरण लागत नाही. पावसाळ्यातला गढूळपणा निवळून ऑक्टोबरात पाणी स्थिरावले, की पहिला नमुना घेता येईल. जाळी मी शिवून आणतो. मुलांनी आपापल्या पेन्सिली आणाव्यात.