लिनक्सचं ऑटो लॉगिन: कुठं चालू, कुठं बंद

मोंढ्यातल्या आडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर नुसता सीसीटीव्ही दिसत असेल, तर लाईट आल्यावर तो कुणी हात न लावता सुरू झालेला बरा. महा ई-सेवा केंद्रात मात्र डाउनलोड्समध्ये गावभराची आधारकार्डं आणि सातबारे पडलेले असतात. तिथं ऑटो लॉगिन, म्हणजे पासवर्ड न विचारताच खातं उघडणं, हे गल्ला उघडा टाकून चहाला जाण्यासारखं.

उबुंटू, मिंट, डेबियन हे लिनक्सचे प्रकार. उबुंटूत सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग युजर्स असं जायचं. जुन्या आवृत्तीत युजर्स थेट यादीत दिसतं. आधी 'अनलॉक' दाबून पासवर्ड द्यायचा, तोवर ऑटोमॅटिक लॉगिनचं बटण हलत नाही. मिंटमध्ये 'लॉगिन विंडो' उघडायची आणि युजर्सच्या टॅबमध्ये युजरनेम लिहायचं.

बटणानं काम झालं नाही तर फाइलीत हात घालायचा. उबुंटूत इटीसी हे फोल्डर, त्यात जीडीएम-३, त्यात कस्टम डॉट कॉन्फ. डेबियनमध्ये त्याच फोल्डरात डीमन डॉट कॉन्फ. 'डीमन' या चौकटी कंसातल्या शीर्षकाखाली दोन ओळी लागतात: ऑटोमॅटिक-लॉगिन-एनेबल बरोबर ट्रू, आणि ऑटोमॅटिक-लॉगिन बरोबर युजरनेम. फाइलीत हे सगळं रोमन लिपीत, शब्द जोडून, कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी. ओळीपुढचा हॅश (#) काढायचा राहिला की ती ओळ वाचलीच जात नाही. दुसरी नेहमीची चूक नावाची. स्क्रीनवर 'दुकान काउंटर' दिसतं, पण खरं युजरनेम नुसतं 'दुकान' असतं. टर्मिनलमध्ये 'हू अ‍ॅम आय' जोडून लिहिलं की खरं नाव कळतं.

बदल तपासायला मशीन रीस्टार्ट करा. नुसता डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केला तरी चालू सेशन बंद होतं आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

सगळ्यात जास्त वैताग किरिंगचा. ऑटो लॉगिन सुरू झालं, आणि क्रोम उघडताच पासवर्डची खिडकी पुढं. साठवलेले पासवर्ड ज्या किरिंगमध्ये असतात त्याचं कुलूप लॉगिनच्या पासवर्डनं उघडतं. पासवर्ड टाकलाच नाही तर ते उघडणार कशानं? 'पासवर्ड्स अँड कीज'मध्ये 'लॉगिन' किरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला की खिडकी थांबते, पण आतले पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. त्यापेक्षा ऑटो लॉगिनसाठी वेगळं साधं खातं काढावं, अ‍ॅडमिन अधिकार नसलेलं, ज्यात एकही पासवर्ड साठवलेला नाही.

लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायला बायोसमधली, म्हणजे लिनक्सच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधली, सेटिंग लागते. तिचं नाव बोर्डागणिक वेगळं, पण त्यात बहुधा 'एसी पॉवर लॉस' असतं. ती 'पॉवर ऑन'वर ठेवायची. यूपीएस स्वतःच बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसेल, तर या सेटिंगचा उपयोग शून्य. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर सुरुवातीचा पासवर्ड तरीही टाकावाच लागतो. अ‍ॅडमिनची कामं करायची 'सुडो' कमांडही पासवर्ड मागतच राहते, आणि ते योग्यच आहे. स्क्रीन लॉक मात्र वेगळा. सीसीटीव्हीच्या मशीनवर तो प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन निराळा बंद करायचा.

ऑटो लॉगिन पुन्हा बंद करताना ट्रूचं फॉल्स केलं म्हणजे झालं असं नाही. किरिंग रिकामं केलेलं असेल तर त्याला परत लॉगिनचाच पासवर्ड द्या. दोन्ही तंतोतंत एक असले तरच लॉगिनबरोबर किरिंग उघडतं, नाहीतर खिडकी पुन्हा हजर.